वारली चौक कुणाचा?

प्रश्न : मी घरी कुर्ते आणि ओढण्या हातानं रंगवून विकते. सगळ्यांत जास्त मागणी वारली नक्षीला असते. मध्यंतरी एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरच्या बाई म्हणाल्या, ‘वारलीला आता जीआय मिळालंय, आपल्यासारख्यांनी काढलं तर दंड होतो.’ हे खरं आहे का? मग शाळांमधून मुलांना ही चित्रं शिकवतात ते कसं चालतं? आणि हक्क आहे तो नेमका कुणाचा, चित्रकाराचा, जमातीचा की सरकारचा?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दंडाची भीती आधी बाजूला ठेवू आणि मग हक्काकडे वळू. खरी गोम तिथे आहे.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. त्याचा कायदा १९९९चा, अमलात आला २००३ मध्ये. वारली चित्रकलेची नोंद २०१४ साली झाली आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो आदिवासी युवा सेवा संघ या आदिवासींच्याच संस्थेनं. या कायद्यानं राखलं जातं ते नाव. ठरलेल्या भागातल्या लोकांनी ठरलेल्या रीतीनं केलेल्या वस्तूलाच ते नाव लावायचं, एवढंच तो सांगतो. त्रिकोणी धडाचा माणूस, ताडावर चढणारा गडी, तरपा वाद्याभोवती धरलेला फेर या आकारांवर त्याची मालकी चालत नाही. मुलीनं वहीत तरपा नाच काढला, शाळेनं कुंपणाची भिंत रंगवून घेतली, तुम्ही तुमच्या दिवाणखान्यात चित्र काढलंत, तर कुणाचीही हरकत असण्याचं कारण नाही. कुर्त्याला ‘अस्सल वारली’ अशी चिठ्ठी अडकवून तो विकलात, तर मात्र त्या नावाच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत तुम्ही आहात का, असं विचारता येतं. मग लोक ‘वारली प्रिंट’ किंवा ‘वारली-प्रेरित’ असं लिहून मोकळे होतात. मला विचाराल तर ही पळवाट आहे, आणि गिऱ्हाईक जी नक्षी वारली म्हणून घेतं ती वारली म्हणूनच खपते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

पळवाट टिकते कारण दाद मागायला न्यायालयात जायचं कुणी, हा प्रश्न सुटलेला नाही. कोल्हापुरी चपलांचं उदाहरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ मान्य केलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळं, स्वतः न्यायालयात आलेली नव्हती. चपलांच्या मागे निदान दोन सरकारी महामंडळं उभी आहेत. डहाणूच्या पाड्यावरच्या चित्रकारानं दिल्लीत किंवा सुरतेत छापल्या जाणाऱ्या चादरींचा माग काढत कुठवर फिरायचं?

दुसरा कायदा कॉपीराइटचा. तो माणसाला ओळखतो, जमातीला ओळखत नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे हे या कलेतलं सर्वांत मोठं नाव. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. मे २०१८ मध्ये ते गेले. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. म्हणजे मशे यांच्या चित्रांवर त्यांच्या वारसांचा हक्क २०७८ सालच्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा मोबाइलवर सापडलेलं एखादं ‘छान वारली डिझाइन’ ओढणीवर जसंच्या तसं उतरवत असाल, तर ते कुणाचं आहे हे आधी शोधा. अनेकदा ते एखाद्या हयात चित्रकाराचं असतं, आणि तिथे स्टॉलवरच्या बाईंनी घातलेली भीती खरी ठरू शकते. त्यांनी कायदा चुकीचा सांगितला, धोका मात्र बरोबर ओळखला.

आता हक्क कुणाचा याकडे येऊ. यासाठी चित्र कुठून आलं ते बघावं लागतं.

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यात वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आतल्या भिंतीवर लग्नचौक लिहितात. कारवीचा कूड, त्याला शेणामातीचा लेप, वर गेरू. तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकोनाच्या पोटात पालघाट देवी, भोवती सूर्य-चंद्र, फणी, शिडी, झाडं. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. हे काम सवाशिणींचं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न उरकलं की चित्राचं काम संपलं. पुढे भिंत धुरानं काळी पडते किंवा पुन्हा सारवली जाते.

कागदावरचं वारली चित्र त्यामानानं अलीकडचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर पोचले, कागद आणि रंग तिथल्या लोकांच्या हातात दिले, आणि चित्र भिंतीवरून बाजारात आलं. येताना ते बायकांच्या हातून बरंचसं पुरुषांच्या हातात गेलं. जिव्या मशे यांनी चौकाच्या बाहेरचं जग रंगवायला घेतलं, मासेमारी, भातलावणी, मुंग्यांची वारुळं, आगगाडीसुद्धा, आणि त्या बळावर ही कला युरोप-जपानपर्यंत गेली. जपानमधल्या तोकामाची इथे मिथिला चित्रांसाठी उभारलेल्या संग्रहालयात वारली चित्रंही आहेत. ही सगळी कमाई खरी. पण हक्काची वाटणी करायला बसलात तर पहिल्या पंगतीला बसायला हव्यात त्या चौक लिहिणाऱ्या बायका, आणि त्यांचं नाव कुठल्याही चित्राखाली नसतं. शिवाय त्या भागात मल्हार कोळी आणि कोकणा घरांतही लग्नाचे चौक असतात. ‘जमातीचा हक्क’ म्हणताना जमात एका आवाजात बोलते असं आपण गृहीत धरतो. माझा त्यावर विश्वास नाही. तरी जमातीतलं भांडण जमातीनं मिटवायचं. आपण त्याचा आधार घेऊन ‘म्हणजे कुणाचाच हक्क नाही’ असं म्हणायला मोकळे होत नाही.

आणि ज्या लग्नात हा चौक लिहितात, त्याच लग्नापायी वारली माणूस गहाण पडत असे. लग्नाला पैसा लागायचा, तो जमीनदाराकडून काढायचा, आणि फेडीसाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. कर्जाचा हिशेब जमीनदाराच्या वहीत, त्यामुळे ते फिटत नसे. जमिनी मुळात वारल्यांच्याच, पण इंग्रजी अमलात सावकार, जंगलाचे ठेकेदार आणि जमीनदार यांच्या हाती गेलेल्या. सायमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात वेठीची ही पद्धत नोंदवली आहे. मे १९४५ मध्ये झरी गावी किसान सभेची परिषद भरली, वेठबिगार करायची नाही असं ठरलं आणि लग्नगडी सुटू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं त्यात गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलं आहे. पुस्तक १९७० सालचं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या शहरातल्या कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात ते असेल. वारली नक्षी विकणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा वाचावं, असा माझा हट्ट आहे.

म्हणून मला चित्राचा हक्क जमिनीच्या हक्कापासून सोडवून बघता येत नाही. कुडाला कारवी जंगलातून येते, गेरू मातीतून, तांदूळ वरकस शेतातून. हे हातचं गेलं तर उरतो तो अ‍ॅक्रिलिकचा डबा आणि सिमेंटची भिंत. जिव्या मशे यांचीच गोष्ट बघा. पुरस्काराच्या काळात त्यांना थोडी जमीन कबूल झाली होती आणि ती पदरात पडायला तीन दशकांहून जास्त काळ लोटला, असं वर्तमानपत्रांत छापून आलं. मानचिन्हं त्यामानानं लवकर मिळाली.

गंमत अशी, की जमातीच्या सांस्कृतिक ठेव्यावरचा हक्क आपल्याकडे सर्वांत स्पष्ट शब्दांत कुठे लिहिला असेल तर तो जंगलाच्या कायद्यात. २००६चा वनहक्क कायदा आपण घरामागची शेती आणि तेंदूपत्ता यांच्यापुरता ओळखतो. त्याच्या तिसऱ्या कलमात हक्कांची जी यादी आहे, तिच्यात जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केला आहे. समूहाचा, एकट्या माणसाचा नाही. कॉपीराइटला जे जमत नाही ते इथे एका पोटकलमात आहे. याच कायद्याखाली २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला १,८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे दोन वर्षांनी गावानं आपल्या जंगलातला बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं प्रकरण तर थेट श्रद्धेचं होतं. बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाध येतो का हे ग्रामसभांनीच ठरवावं. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही ठिकाणी नकार आला, खाण झाली नाही. अनुसूचित भागांतल्या पंचायतींच्या पेसा कायद्यानंही १९९६ सालापासून ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिलेला आहे. तेव्हा चौकाबद्दल कुणाला विचारायचं, याचं उत्तर कायद्यात सापडतं: गावाला. सरकारचं काम त्या उत्तराला पाठबळ देण्याचं. मालक ते नाही.

आता तुमचे कुर्ते. धंदा बंद करा असं मी म्हणणार नाही. कलेला बाजार मिळाला म्हणून वारल्यांच्या कितीतरी घरांत पैसा आला, आणि बाजार आटला तर पहिला फटका त्यांनाच बसेल. पण स्वतः नक्षी उतरवण्याऐवजी डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या चित्रकाराशी, जमल्यास चित्रकर्तीशी, ठरवून काम घ्या. डिझाइनचे पैसे वेगळे, प्रत्येक नगामागे वेगळे. चिठ्ठीवर त्यांचं नाव आणि गाव छापा. कुर्त्याची किंमत वाढेल, थोडी गिऱ्हाइकं जातील. राहतील त्यांना ‘वारली’ हा शब्द कोणत्याही शेपटीशिवाय वापरून देता येईल. आणि तरपा, शेती, नाच हे हवं तेवढं छापा, पण देवीसह लग्नचौक कापडावर नको. पायपुसण्यावर तर नकोच. तेही बाजारात मिळतं.

प्रश्न : आदिवासींच्या चित्रांवर बाहेरच्या देशांत कुणी न्यायालयात जिंकलं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऑस्ट्रेलियात. पण आधी तिथली हरण्याची गोष्ट ऐका, ती जास्त बोलकी आहे.

१९६६ साली ऑस्ट्रेलियानं पौंड सोडून डॉलर आणला. एक डॉलरच्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवर काढलेल्या एका आदिवासी चित्राची रेषा घेतली होती. चित्र कुणा जुन्या, अनामिक माणसाचं असेल असं रिझर्व्ह बँकेनं धरून चालवलं. विचारायला कुणी गेलं नाही. नोट चलनात आल्यावर आर्नहेम लँड भागातल्या एका शाळाशिक्षकानं चित्र ओळखलं. चित्रकार डेव्हिड मलांगी जिवंत होता, तिथेच राहत होता, आणि चित्र त्याच्या कुळाच्या पूर्वजाच्या अंत्यविधीचं होतं. म्हणजे ते काढण्याचा अधिकारही त्याला कुळाकडून आलेला. बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी चूक मान्य केली आणि मलांगीला हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. देशातल्या प्रत्येक खिशात ज्याचं चित्र, त्याला गळ आणि दोरी.

जिंकण्याची गोष्ट १९९४ची. आदिवासी चित्रकारांची चित्रं, त्यांतली काही पवित्र कथांची, व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून पर्थच्या एका कंपनीनं ऑस्ट्रेलियात विकायला आणली. कुणाची परवानगी नव्हती. संघीय न्यायालयानं कॉपीराइटभंग मान्य केला आणि १,८८,६४० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली. नुकसान मोजताना न्यायाधीशांनी विक्रीच्या आकड्यावर भागवलं नाही. पवित्र चित्र पायाखाली आलं म्हणून चित्रकाराची आपल्या लोकांत नाचक्की होते, त्याला जाब द्यावा लागतो, हेही त्यांनी मोजलं. पुढे १९९८ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा असला तरी तो वापरताना त्याच्यावर कुळाचं बंधन आहे, असं त्यानं म्हटलं. आपल्या न्यायालयांना हे उदाहरण कधीतरी उपयोगी पडेल, पण त्यासाठी पालघरमधून कुणी तरी खटला न्यायला हवा, आणि खटल्याचा खर्च कोण करणार इथेच गाडी अडते.

प्रश्न : ९ ऑगस्टला आमच्या शाळेत आदिवासी दिन असतो. मुलांना पानं-पिसं लावून, तोंडाला रंग फासून नाचवतात. हे योग्य आहे का?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : नाही. ठाणे-पालघरमधली वारली मुलं तुमच्या विद्यार्थ्यांसारखाच गणवेश घालून शाळेत जातात, आणि त्यांच्या आज्यांनीही कधी पिसं खोवली नव्हती. ही वेशभूषा सिनेमातून आलेली आहे.

९ ऑगस्ट निवडण्याचं कारण असं, की १९८२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयक कार्यगटाची पहिली बैठक त्या दिवशी झाली. १९९४ च्या डिसेंबरमध्ये आमसभेनं तो जागतिक दिवस ठरवला. आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर व्हायला मात्र सप्टेंबर २००७ उजाडला. बाजूनं १४४ देश होते, त्यांत भारतही. विरोधात चारच: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. चौघांनीही नंतर पाठिंबा दिला. आपला देश बाजूनं मत देतो आणि वर सांगतो, की आमच्याकडे सगळेच मूलनिवासी आहेत. ही आपली खास हुशारी. आठवी-नववीच्या मुलांपुढे हे ठेवून पाहा, ती चांगली भांडतील.

आणि नाच हवाच असेल, तर तुमच्याच जिल्ह्यातून तरपा वाजवणाऱ्याला बोलवा. गाडीभाडं आणि मानधन आधी ठरवा, कार्यक्रमानंतर शाल-श्रीफळावर बोळवण करू नका. मुलांना त्याच्यामागे फेर धरू दे, गणवेशातच.